खंडेनवमीचं पाणी

आमच्या घरात पाणी दोन तऱ्हेचं असतं, माणसांचं आणि माशांचं. त्यातलं चांगलं ते माशांचं. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. मी घर बघायला आले तेव्हा पुढच्या सोप्यात एक भलीमोठी काचेची टाकी दिसली होती, पण माणूस त्या वेळी नवरा बघेल की टाकी?

माझं माहेर कणकुंबीच्या बाजूचं. तिथल्या झऱ्याचं पाणी एवढं हलकं की अंगाला लावलेला साबण निघता निघत नाही. आणि सासर हे असं वडगावात, जिथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला दुपार होते आणि चहाच्या पातेल्याला आतून चुना दिल्यासारखा थर बसतो. यंत्रमागाचं घर. मागच्या शेडात चार माग, सकाळी सुरू झाले की रात्रीपर्यंत खडाडखड. पाटीवर नाव साड्यांचं, पण माझ्या नवऱ्याचा, म्हणजे कुमारचा, सगळा जीव माशांत. बशीएवढे गोल, चपटे, रंगीत मासे. डिस्कस म्हणतात त्यांना. त्यांना आमचं पाणी सोसत नाही. परदेशातल्या कुठल्याशा जंगलातल्या नदीच्या हलक्या पाण्यातले ते. म्हणजे नवऱ्याची आवडही कणकुंबीच्याच बाजूची म्हणायची, एवढंच मला समाधान.

पहिली दोन वर्षं जावईबापू दिवाळीला सासरी यायचे ते रिकामे कॅन घेऊन. माझे वडील बिचारे धोतर-टोपीचा आहेर घेऊन उभे, आणि हे झऱ्यावर कॅन भरत बसलेले. गावात अजून विचारतात, तुमचा जावई पाण्याच्या खात्यात आहे काय म्हणून. शेवटी मीच कंटाळून म्हटलं, घरात ते फिल्टरचं यंत्र बसवा, पण माझ्या माहेरची लाज राखा.

मग मोरीच्या भिंतीवर आरओ बसला. पांढऱ्या उभ्या नळकांड्या, एक छोटा पंप आणि बाहेर येणाऱ्या दोन नळ्या. एका नळीतून माशांचं शुद्ध पाणी थेंब थेंब निळ्या ड्रममध्ये पडतं. दुसरीतून टाकाऊ खारं पाणी, तेही चांगल्याच्या तिप्पट, धार धरून वाहत राहतं. ही दुसरी नळी सुरुवातीला गटारात सोडली होती आणि तिनेच घरात पहिलं भांडण लावलं.

अंबुबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. इकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्याही तशाच. मामंजी गेल्यावर दोन माग होते त्याचे चार त्यांनी केले, आणि ते करताना कुणाच्या दारात विरजणालासुद्धा गेल्या नाहीत. मागणं हा शब्द त्यांच्या तोंडी फक्त सुनेच्या माहेराबद्दल यायचा, तोही गमतीत. नळाला चार-चार दिवस पाणी न येणाऱ्या गल्लीत आयुष्य काढलेल्या बाईला तिप्पट पाणी वाया जाताना बघवेल कसं?

"माशाला एक बादली आणि गटाराला तीन बादल्या. ह्यो कुठला न्याय रं?" त्या कुमारला विचारायच्या.

"आई, त्याशिवाय पाणी शुद्ध हुईत न्हाय."

"मग आमी काय अशुद्ध पाण्यावर वाढलोय व्हय?"

मग त्यांनीच ती नळी घराकडे वळवली. भांडी त्या पाण्यात, फरशी त्या पाण्यात, अंगण त्या पाण्यात. इतकं करूनही उरलेलं पाणी समोरच्या रुक्माबाईंच्या पायरीपाशी साचायचं. रुक्माबाई एकदा घसरता घसरता वाचल्या आणि काहीबाही बोलल्या. आत्याही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. "तुमच्या थेंबावर आमचं काय अडलंय का?" असं त्यांनी ठणकावलं, आणि तेव्हापासून दोघींची तोंडं दोन दिशांना.

एवढं करून मासे तरी सुखात असावेत. पण डिस्कसची पिल्लं जगवणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. कुमारने टाकीत सुताचा रिकामा प्लॅस्टिकचा कोन उभा करून ठेवला होता. जोडी त्यावरच अंडी घालायची. पहिल्या वेळी अंडी पांढरी पडून गेली. दुसऱ्या वेळी पिल्लं झाली आणि पाण्यात काहीतरी बिनसून दोन दिवसांत संपली. त्या दिवशी हा माणूस जेवला नाही. मला राग आला आणि वाईटही वाटलं. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस. त्याच्या आयुष्यात आवाज न करणारं असं तेवढंच काय ते होतं. बाकी सगळे आवाज करणारेच, मला धरून.

त्यातच पाचव्या मागाचं ठरलं. शेडात जागा नाही. घरात मोकळी जागा एकच, सोप्यातली टाकीची. माग जोडून देणारा मष्णू माप घ्यायला आला तेव्हा त्याच्यासमोरच आत्यांनी निकाल दिला.

"दसऱ्याच्या मुहूर्तावर माग बसवायचा. त्याच्या आत माशाची पिल्लं जगली तर टाकी ऱ्हाईल, मागाला दुसरी जागा बघू. न्हाय जगली तर टाकी उचलायची. लई झालं."

कुमारने मान डोलावली. निपाणीत त्याच्या एका मित्राचं माशांचं दुकान आहे. त्याला त्याने फोन करून टाकी, आरओ, मासे, सगळं घेशील का, असं विचारूनही ठेवलं. आवाज अगदी साधा ठेवला होता, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मागाकडे गेला नाही.

आणि नवरात्रात जोडीने तिसऱ्यांदा अंडी घातली.

या वेळी कुमारने जिवाचं रान केलं. रोज थोडं जुनं पाणी नळीने काढायचं, ड्रममधलं शुद्ध पाणी कोमट करून थोडं थोडं घालायचं. त्यात घोटभर आपलं बोअरचं पाणीही मिसळायचं, कारण अगदीच कोऱ्या पाण्यात मासा जगत नाही म्हणे. पाण्यात काय काय विरघळलंय ते आकड्यात सांगणारी पेनासारखी एक कांडी असते, ती त्याच्या खिशात सतत. पिल्लं बाहेर पडली. अष्टमीला तर ती पोहायलाही लागली, पापणीच्या केसाएवढी. "आई, बघायला ये की," म्हणून त्याने हाक मारली. आत्या म्हणाल्या, "कामं पडल्यात." पण त्याच संध्याकाळी त्यांनी बजावलं, "उद्या खंडेनवमी. यंत्रं बंद. तुझं ते पाण्याचं बी बंद. काय पाणी लागतंय ते आजच भरून घे."

खंडेनवमीला आमच्याकडे कुठलंही यंत्र चालवत नाहीत. माग धुऊन पुसून त्यांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती. आरओ हे यंत्रच, तेव्हा त्यालाही विश्रांती. कुमारने निमूट ड्रम काठोकाठ भरून घेतला.

सकाळी तो झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला. मी पुरणाच्या खटाटोपात. आत्या न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून पूजेला लागल्या. शेडातले चारही माग झाले. मोटारी झाल्या. मग त्या मोरीत येऊन आरओसमोर उभ्या राहिल्या, नळकांड्यांना कुंकवाची बोटं ओढली, वर हात जोडले. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी का होईना, सासूबाईंनी त्या यंत्राला घरचं मानलं. मी पुन्हा पुरणाकडे वळले.

मला काय ठाऊक त्यांची पूजा तिथे संपली नव्हती. यंत्राची झाली, मग पाण्याची नको का? नवी विहीर लागली की करतात तशी. त्यांनी ड्रमचं झाकण काढून आत हळदकुंकू वाहिलं. आणि मग मनात आलं, या पाण्यावर जगणारा जीव तरी का उपाशी राहावा. सोप्यात जाऊन टाकीतही हळदकुंकू वाहिलं आणि वाटीभर दूध सोडलं. अगदी मनापासून. मी या घरात आल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या टाकीला काही दिलं होतं.

कुमार आला तेव्हा टाकीतलं पाणी पिवळट, गढूळ झालं होतं. जोडीचे रंग काळवंडले होते. पिल्लं आईबापाला सोडून इकडे तिकडे विखुरली होती. त्याने धावत जाऊन ड्रम बघितला, तोही पिवळा. मग तो फुलांची पिशवी मांडीवर घेऊन टाकीसमोर जमिनीवर बसला.

"काय झालं रं?" आत्यांनी विचारलं.

"काय न्हाय, आई."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडण्याला कुणी भीत नाही. हे "काय न्हाय" ऐकून आत्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि सांगणं माझ्यावर आलं.

"आत्या, माशांना हळदकुंकू चालत न्हाय. दूध तर बिलकुल न्हाय. पाणी नासतं आणि त्यांचा श्वास कोंडतो. आता लगेच पाणी बदलाय पायजे, आणि ड्रममधलं बी गेलं."

"हळद म्हंजे औषध की गं," त्या म्हणाल्या. पण आवाज उतरला होता. त्या टाकीकडे गेल्या, वाकून बघितलं. एक पिल्लू काचेपाशी येऊन तळाला बसलं. त्यांनी एकवार मुलाच्या पाठीकडे बघितलं, तडक मोरीत गेल्या, पदराने आरओवरचं कुंकू पुसलं, तोच हात कपाळाला लावला आणि बटण दाबलं.

"आई, आज यंत्र चालवायचं नसतंय," कुमार म्हणाला.

"देवीला मी सांगतो. तू पाणी धर."

नळीतून थेंब पडायला लागले. एक. मग एक. आत्या कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. आजवर त्यांनी फक्त वाया जाणारी धार बघितली होती, कामाची नळी कधी निरखून बघितलीच नव्हती.

"एवढंच येतंय?"

"एवढंच येतंय. बादली भरायला दुपार हुईल."

"आणि तू रोज ह्याच्यासाठी बसालास?"

कुमारने बादली नळीखाली नीट सरकवली. मग मीच म्हटलं, की गल्लीत घराघरात स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आहे. बहुतेकांचा आरओच, फक्त लहान. त्यांच्या टाक्यांत कालचं पाणी साठलेलं असणार. ते चालेल.

"चालंल," कुमार म्हणाला. "पण सणासुदीचं दारोदार पाणी मागायला कोण जाणार?"

आत्यांनी देवघरासमोरची तांब्याची घागर उचलली.

"तांब्याची नको. माशांना तांबं बाधतं," तो म्हणाला.

त्यांनी घागर ठेवली, प्लॅस्टिकची कळशी घेतली आणि बाहेर पडल्या. मी पुरणाचा हात तसाच ठेवून दारात आले. त्या सरळ समोरच्या दारात गेल्या होत्या. लांबच्या घरापासून सुरुवात करणं त्यांना सोपं गेलं असतं.

आता आमच्या गल्लीची एक गंमत सांगायला हवी. वर्षभर मागांच्या आवाजात बोलून इथल्या माणसांना ओरडूनच बोलायची सवय. खंडेनवमीला माग थांबतात, पण घसे थांबत नाहीत. त्यामुळे त्या एका दिवशी कुणाच्या घरात काय चाललंय ते गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जातं. दरवर्षी या दिवशी दोन-चार भानगडी उघडकीला येतात.

"रुक्माबाई," आत्या म्हणाल्या, आणि त्यांना वाटलं आपण हळूच म्हणालो.

रुक्माबाई दारात आल्या. कळशी बघितली. "काय पायजे?"

"पाणी पायजे. फिल्टरचं." मग कळशी पुढे करून, "माझ्या हातनं चूक झाली. पोराची मासं मराय लागल्यात. तुमच्या थेंबावर अडलंय माझं."

गल्ली अशी शांत झाली की कुणाच्या तरी चुलीवरचं तेल तडतडलेलं मला ऐकू आलं. मला वाटलं, आता रुक्माबाई सगळं वसूल करणार. त्यांना संधीच तशी होती. त्यांनी आत्यांच्या हातातून कळशी घेतली.

"तू मागालीस, अंबुआक्का? थांब, भरून आणतो. उन्हात हुबी ऱ्हाऊ नको, वर ये," त्या म्हणाल्या, आणि त्याही ओरडूनच.

त्यानंतर आत्यांना दुसऱ्या दारात जावंच लागलं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी स्टीलचा डबा, कुणी बाटल्या, कुणी पाच लिटरचं पातेलं, अंगावर सणाची लुगडी आणि हातात पाणी. आमच्या दारात लग्नघर झालं. कुमार भानावर आला. खिशातली कांडी काढून तो प्रत्येक भांड्यात बुडवायला लागला.

"पास," तो म्हणायचा. "पास. हे बी पास."

रुक्माबाईंनी भरून दिलेल्या कळशीत कांडी बुडवली आणि तो घुटमळला. आत्यांनी आकडा वाचला. आमच्या बोअरच्या पाण्याचा आकडा कुमारच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांना पाठ होता, आणि हा तोच होता.

"मावशी, तुमचा फिल्टर कवाधरनं दुरुस्त केला न्हाय?" कुमारने विचारलं.

"त्याला काय झालंय? निळी लाईट लागतीया की," रुक्माबाई म्हणाल्या. त्यांच्या पोराने पुण्याहून मशीन पाठवल्यापासून त्या त्या निळ्या दिव्याच्या भरवशावर बोअरचंच पाणी पीत होत्या. बायका हसायला लागल्या. मी आत्यांकडे बघितलं. एरवी हा प्रसंग त्यांनी पाच वर्षं पुरवला असता.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या. "कुमार, कोऱ्या पाण्यात थोडं बोअरचं मिसळाय लागतंय म्हनतोस न्हवं? ते हिचं घाल."

रुक्माबाईंचं पाणीही कामाला आलं. मी पुरण बाजूला सारून गॅसवर पातेली चढवली आणि पाणी हाताला लागेल न लागेल इतकं कोमट करून देत राहिले. कुमार नळीने नासलेलं पाणी काढायचा आणि नवं हळूहळू सोडायचा. आत्या भांडी रिकामी करून ज्याची त्याला देत होत्या. कुणाचं झाकण कुणाला गेलं ते दिवाळीपर्यंत निस्तरत होतो.

जेवणं टळून गेली तेव्हा कुठे टाकीच्या पलीकडची भिंत स्वच्छ दिसायला लागली. जोडीचा रंग उजळला. काही पिल्लं गेली होती, त्याला इलाज नव्हता. बाकीची एकेक करून परत आईबापाच्या अंगाला जाऊन चिकटली. कुमारने डोळे पुसले, आणि घाम पुसल्यासारखं केलं. मीही तेच केलं.

आत्या पाट घेऊन टाकीसमोर बसल्या. पहिल्यांदाच.

"अंगाला चिकटून काय करत्यात गं ती?"

"पितात," मी म्हटलं. "ह्या माशांच्या अंगावर दुधासारखा चिकट रस सुटतो. पिल्लं पहिले काही दिवस त्यावरच जगतात."

"म्हंजे अंगावर पाजती?"

"व्हय."

त्या बघत राहिल्या. पिल्लांनी तिला टोचून टोचून बेजार केलं तेव्हा मादीने अंगाला एक हिसका दिला आणि बाजूला झाली. लगेच नर पुढे आला. सगळी पिल्लं त्याच्या अंगाला लागली.

"आणि ह्यो कोण?"

"बाप."

"बाप बी पाजतोय?"

"आळीपाळीनं," कुमार म्हणाला.

दारात टेकलेल्या रुक्माबाई म्हणाल्या, "आमच्या घरातल्याला कुणीतरी आणून दाखवा की हे." आणि आत्या इतक्या हसल्या की पाटावरून घसरायच्या राहिल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

पिल्लं जगली होती खरी, पण दुसरी जागा बघू म्हणजे कुठली? घरात होती कुठे जागा? दसऱ्याच्या सकाळी मष्णू टेम्पोत माग घालून दारात हजर झाला. दोन हमाल, साखळ्या, दोरखंड. कुमार टाकीपुढे उभा राहिला.

"आक्का, सांगा, कुठं उतरवायचा?" मष्णूने विचारलं. "टाकी कवा हलवताय?"

आत्या खिडकीला तोरण बांधत होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"माझ्या खोलीत बसव. रुंदी बरोबर हुतीया, काल हातानं मापलोय मी."

"आई, आणि तू कुठं झोपणार?" कुमारने विचारलं.

"हितं सोप्यात. टाकीशेजारी."

"अगं पण कशाला? टाकी हलवतो की मी. निपाणीवाल्याला सांगून ठेवलंय."

आत्यांनी तोरणाची गाठ मारली, हात झटकले आणि त्या त्याच्याकडे वळल्या.

"अंगावर पोरं पित्यात तिच्या," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीला घराबाहेर काढू व्हय मी?"

मष्णू साखळ्या घेऊन आतल्या खोलीकडे वळला. कुमार खाली वाकला आणि आईच्या पायाला हात लावून उठला. मी आत जाऊन त्यांची गादी उचलली.